डॉ. मॅरियन सिम्स आणि अनार्का, बेट्सी, लूसी : सतत गळणाऱ्या लघवीवरचा उपचार कसा सापडला

तुमची किंवा तुमच्या घरातल्या कोणाची स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आतून तपासणी झाली असेल, तर स्टीलचे एक उपकरण तुम्ही पाहिले असेल. त्याची दोन्ही टोके बदकाच्या चोचीसारखी वळलेली असतात. त्याला सिम्सचा स्पेक्युलम म्हणतात. एमबीबीएसला असताना आम्ही त्याचे नाव आणि उपयोग पाठ केले, परीक्षेत सांगितले आणि गुण मिळवले. हे सिम्स कोण होते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

तो पडला बऱ्याच वर्षांनी. माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी नेहमी येणाऱ्या एक बाई होत्या. एकदा सून बाहेर औषधे आणायला गेली, तेव्हा खाली मान घालून त्या म्हणाल्या की पिशवी काढल्यापासून त्यांची लघवी सतत गळते. दिवसा, रात्री, झोपेतही. त्या दिवसातून अनेकदा कापड बदलत होत्या. लग्नकार्याला जाणे त्यांनी बंद केले होते. तीन वर्षे घरात कोणालाही हे माहीत नव्हते. तपासणीत मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये लहानसे छिद्र सापडले. शस्त्रक्रिया झाली आणि त्या कोरड्या राहू लागल्या. या छिद्रावरचा उपचार पहिल्यांदा कोणी आणि कसा यशस्वी केला, हे वाचायला मी तेव्हा बसलो. ती कहाणी आज तुम्हाला सांगतो. ती एका डॉक्टरची आहे, आणि तितकीच तीन गुलाम स्त्रियांची आहे.

सिम्स यांची सुरुवात

जेम्स मॅरियन सिम्स यांचा जन्म २५ जानेवारी १८१३ रोजी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात झाला. त्यांनी १८३५ साली फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली आणि गावी दवाखाना उघडला. त्यांचे पहिले दोन्ही रुग्ण तान्ही बाळे होती आणि दोन्ही दगावली. तरुण डॉक्टर हादरले. दवाखाना बंद करून ते अलाबामा राज्यात गेले आणि १८४० पासून मॉन्टगोमेरी शहरात स्थिरावले.

अलाबामात तेव्हा कापसाची मोठी शेती होती आणि ती आफ्रिकी वंशाच्या गुलाम माणसांच्या कष्टांवर चाले. कायद्याने ही माणसे मालकाची मालमत्ता होती. गुलाम आईचे मूलही जन्मतः गुलाम ठरे. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली होती. त्यामुळे गुलाम स्त्रीची बाळंतपणे हा मालकाच्या दृष्टीने थेट पैशाचा प्रश्न होता. अशा स्त्रीला आजार झाला, तर डॉक्टरला बोलावणारा मालक, पैसे देणारा मालक आणि उपचाराला होकार देणाराही मालकच. सिम्स यांच्या कामातला बराच भाग अशा रुग्णांचा होता.

अनार्काचे बाळंतपण

जून १८४५ मध्ये सिम्स यांना जवळच्या एका मळ्यावर बोलावणे आले. अनार्का नावाची सुमारे सतरा वर्षांची मुलगी तीन दिवस अडली होती. बाळाचे डोके खाली येऊन अडकले होते आणि पुढे सरकत नव्हते. सिम्स यांनी चिमटा लावून बाळंतपण पूर्ण केले. काही दिवसांतच अनार्काचा लघवीवरचा ताबा गेला, आणि शौचावरचाही.

असे का झाले, हे समजून घ्या. बाळाचे डोके जेव्हा तासन्‌तास किंवा दिवसचे दिवस ओटीपोटाच्या हाडांमध्ये अडकून राहते, तेव्हा त्या दोघांच्या मध्ये सापडलेला मूत्राशयाचा आणि योनीमार्गाचा भाग दाबला जातो. तिथला रक्तपुरवठा बंद पडतो आणि तेवढा भाग मरतो. काही दिवसांनी तो गळून पडतो आणि छिद्र उरते. मग लघवी मूत्राशयात साठतच नाही. ती थेट योनीमार्गातून गळत राहते. गुदाशयाच्या बाजूलाही असेच छिद्र पडले, तर शौचही तिथून येते. याला फिस्टुला म्हणतात. आपल्याकडे भगंदरालाही फिस्टुला म्हणतात, पण तो आजार वेगळा.

त्या काळी यावर खात्रीचा उपाय नव्हता. व्हर्जिनियातल्या मेटॉवर यांच्यासारख्या एखाद्या शल्यचिकित्सकाने सिम्स यांच्या आधी असे छिद्र बंद केल्याच्या नोंदी आहेत, पण असे यश फार विरळा होते. सिम्स यांनी अनार्काच्या मालकाला ती बरी होणार नाही असेच सांगितले. त्याच सुमारास बेट्सी आणि लूसी या आणखी दोन तरुण गुलाम स्त्रिया हाच त्रास घेऊन त्यांच्याकडे आल्या. त्यांनाही त्यांनी परत पाठवायचे ठरवले होते.

वाकवलेला चमचा

मग एक योगायोग घडला. घोड्यावरून पडलेल्या एका गोऱ्या बाईंना सिम्स तपासायला गेले. पडल्यामुळे त्यांचे गर्भाशय मागे कलले होते. सिम्स यांनी त्यांना गुडघे आणि छाती टेकवून ओणवे केले आणि आतून तपासणी केली. तेव्हा योनीमार्गात हवा शिरली, तो फुगला आणि गर्भाशय जागेवर आले. सिम्स यांच्या लक्षात आले की अशी हवा शिरली तर आतली भिंत पूर्ण उघडून दिसेल. घरी येताना त्यांनी एक चमचा विकत घेतला, त्याचा दांडा वाकवला आणि बेट्सीला त्याच स्थितीत ठेवून तपासले. आजवर ज्याची फक्त बोटाने कल्पना येत होती ते छिद्र डोळ्यांना स्पष्ट दिसले. त्या चमच्यापासूनच आजचा सिम्सचा स्पेक्युलम तयार झाला. डाव्या कुशीवर झोपवून तपासण्याच्या पद्धतीलाही त्यांचेच नाव आहे.

परत पाठवण्याचा विचार सिम्स यांनी सोडून दिला. घराच्या आवारात त्यांचे छोटे रुग्णालय होते, ते त्यांनी वाढवले. मालकांशी ठरले ते असे : जेवणखाण आणि राहण्याचा खर्च सिम्स करतील, कपडे आणि कर मालक देतील, आणि उपचार पूर्ण होईपर्यंत या स्त्रिया सिम्स यांच्याकडे राहतील. शोधून आणखीही काही स्त्रिया आणल्या गेल्या. सिम्स यांच्या लिखाणात नावे येतात ती मात्र तिघींचीच : अनार्का, बेट्सी आणि लूसी.

चार वर्षे, तीस शस्त्रक्रिया

पहिली शस्त्रक्रिया लूसीवर झाली. बघायला गावातले डॉक्टर जमले होते. लूसी गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवी होती आणि पूर्ण शुद्धीत होती. शस्त्रक्रिया तासभर चालली. लघवी वाहून जावी म्हणून सिम्स यांनी आत स्पंजचा तुकडा ठेवला. तो आतच घट्ट झाला, जंतुसंसर्ग झाला आणि लूसी मरणाच्या दारी पोचली. तो स्पंज ओढून काढावा लागला. तिला सावरायला दोन-तीन महिने लागले. छिद्र बंद झाले नव्हते.

त्यानंतर बेट्सी, मग अनार्का, मग पुन्हा लूसी. दर वेळी छिद्र लहान होई, पण रेशमी टाक्यांपाशी सूज येई, पू होई आणि टाके सुटत. सुरुवातीला उत्साहाने मदतीला येणारे डॉक्टर एकेक करून यायचे थांबले. नातेवाइकांनी सिम्स यांना हे सोडून देण्याचा सल्ला दिला. तेव्हा सिम्स यांनी या स्त्रियांनाच मदतनीस केले. एकीवर शस्त्रक्रिया चालू असे, तेव्हा बाकीच्या तिला धरून ठेवत आणि हाताखाली काम करत. काही वर्षांनी त्या भागातल्या अनेक डॉक्टरांपेक्षा या कामाची माहिती या स्त्रियांनाच जास्त होती, असे म्हणता येईल.

अखेर सिम्स यांनी सोनाराकडून चांदीची बारीक तार करून घेतली. रेशमासारखी चांदी ओलावा शोषत नाही आणि तिच्याभोवती सूजही कमी येते. लघवी वाहून जाण्यासाठी स्पंजऐवजी त्यांनी आपोआप जागेवर राहणारी वाकडी नळी वापरली. १८४९ च्या उन्हाळ्यात त्यांनी अनार्कावर तिसावी शस्त्रक्रिया केली. आठवड्याने तपासले तेव्हा सूज नव्हती, लघवी स्वच्छ होती आणि छिद्र बंद झाले होते. थोड्याच दिवसांत बेट्सी आणि लूसीही याच पद्धतीने बऱ्या झाल्याचे त्यांनी लिहून ठेवले. १८५२ मध्ये त्यांनी ही पद्धत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

या तिघींनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणेही अलाबामात कायद्याने गुन्हा होता. आपल्याला जे कळते ते सगळे सिम्स यांच्याच लेखणीतून.

वेदना आणि संमती

वाचताना तुमच्याही मनात प्रश्न आला असेल : भूल का दिली नाही? सिम्स यांनी सुरुवात केली तेव्हा भूल उपलब्धच नव्हती. शस्त्रक्रियेसाठी ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टनला झाले. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाला. म्हणजे चार वर्षांतली बरीच वर्षे भूल माहीत झालेली होती. सिम्स यांनी ती वापरली नाही. पुढे १८५७ च्या भाषणातही त्यांनी हीच भूमिका मांडली की या शस्त्रक्रियेची वेदना भुलीचा धोका पत्करण्याइतकी मोठी नाही. शस्त्रक्रियेनंतर ते अफू देत.

काळ्या माणसांना वेदना कमी जाणवतात, असा समज त्या काळच्या अनेक गोऱ्या डॉक्टरांमध्ये होता. तो खोटा आहे. पण तो अजून पूर्ण गेलेला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना अशी काही विधाने दाखवली गेली. काळ्यांची कातडी जाड असते, हे त्यातलेच एक. सुमारे निम्म्यांना त्यातले किमान एक खोटे विधान खरे वाटले.

संमतीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. काही इतिहासकार म्हणतात की या त्रासातून सुटण्याची इच्छा या स्त्रियांनाही नक्कीच असणार. सतत ओले राहणे, जांघा सोलवटणे, वास, लोकांनी दूर ठेवणे यातून कोणाला सुटायचे नसेल? हे खरे मानले तरी एक गोष्ट बदलत नाही. नको म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अनार्काने थांबायचे ठरवले असते, तरी ती थांबवू शकली नसती. ज्या होकारामागे नकाराची मोकळीक नाही, त्याला आज आम्ही डॉक्टर संमती म्हणत नाही.

सिम्स यांच्या कामाची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. गुलाम स्त्रियांची नवजात बाळे धनुर्वाताने मरत. त्याचे कारण कवटीची हाडे सरकणे हे आहे, असे सिम्स यांना वाटले. ती हाडे हत्याराने वर उचलण्याचे प्रयोग त्यांनी त्या बाळांवर केले. बाळे वाचली नाहीत. नाळेतून शिरणारे जंतू हे धनुर्वाताचे कारण पुढे सिद्ध झाले. तुम्हाला गरोदरपणात धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते, ते यासाठीच.

न्यूयॉर्क, युरोप आणि पुतळा

सिम्स स्वतः जुनाट जुलाबांनी बेजार होते. हवापालटासाठी ते १८५३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तिथे १८५५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने फक्त स्त्रियांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. तिथल्या सुरुवातीच्या रुग्णांत आयर्लंडमधून आलेल्या गरीब स्थलांतरित स्त्रिया बऱ्याच होत्या. अडलेल्या बाळंतपणाने त्याही अशाच जायबंदी झालेल्या होत्या. कातडी गोरी, छिद्र तेच.

अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर ते युरोपात गेले. पॅरिसमध्ये त्यांचे नाव झाले आणि फ्रान्सच्या सम्राज्ञीवरही त्यांनी उपचार केले. परतल्यावर १८७४ मध्ये त्यांचे न्यूयॉर्कच्या रुग्णालयाच्या संचालकांशी वाजले. शस्त्रक्रिया पाहायला किती डॉक्टरांनी यावे यावर संचालकांनी मर्यादा घातली होती, आणि कर्करोगाच्या रुग्णांना तिथे घ्यायला त्यांचा विरोध होता. सिम्स यांनी राजीनामा दिला. १८७६ मध्ये ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. १३ नोव्हेंबर १८८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी जून महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या होत्या. सिम्स ज्या शहरात शिकले त्याच फिलाडेल्फियात, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. भारतातल्या स्त्रिया लाजेपोटी पुरुष डॉक्टरांना आपले दुखणे सांगत नाहीत आणि तशाच सोसत राहतात, हे त्यांचे वैद्यक शिकण्याचे एक मोठे कारण होते.

सिम्स यांचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये १८९४ साली उभा राहिला आणि पुढे सेंट्रल पार्कच्या कडेला हलवला गेला. अनेक वर्षांच्या मागणीनंतर एप्रिल २०१८ मध्ये तो तिथून काढण्यात आला. २०२१ मध्ये मॉन्टगोमेरी शहरात अनार्का, बेट्सी आणि लूसी यांचे उंच धातुशिल्प उभे राहिले. ते मिशेल ब्राउडर या कलावतीने घडवले आहे.

वंशाचा आणि लघवी गळण्याचा संबंध आहे का?

वंशानुसार लघवी गळण्याच्या प्रकारात फरक आढळतो, हे खरे आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगन राज्यातल्या पाहणीत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ३३ टक्के, तर काळ्या स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांना हा त्रास होता. गोऱ्या स्त्रियांमध्ये खोकताना-शिंकताना गळण्याचे प्रमाण जास्त होते. त्रास असलेल्या काळ्या स्त्रियांमध्ये घाईची लघवी लागून वाटेत सुटण्याचे प्रमाण तुलनेने जास्त होते.

पण या आकड्यांवरून स्वतःविषयी निष्कर्ष काढू नका. हे मोठ्या गटांचे सरासरी आकडे आहेत. तुमची बाळंतपणे, वजन, वय, मधुमेह, जुना खोकला, बद्धकोष्ठता यांचा परिणाम कोणत्याही वंशात होतो. आणि अनार्कासारखा फिस्टुला तर कातडीच्या रंगाने होत नाही. तो होतो वेळेवर सिझेरियन न मिळाल्याने. अशी सोय सर्वांना मिळाल्यावर श्रीमंत देशांतून बाळंतपणातला फिस्टुला जवळजवळ नाहीसा झाला. आज तो मुख्यतः आफ्रिकेतल्या आणि दक्षिण आशियातल्या गरीब भागांत उरला आहे. जिथे बाळंतपणाची सोय चांगली आहे, तिथे असे छिद्र बहुतेक वेळा पिशवी काढण्याच्या किंवा ओटीपोटाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर होते.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

लघवी कशी गळते ते नीट पाहा.

- खोकताना, हसताना किंवा वजन उचलताना थेंब गळत असतील, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामांनी बऱ्याच जणींना फरक पडतो. हे व्यायाम नीट शिकून किमान तीन महिने करावे लागतात.
- अचानक घाई होऊन वाटेत सुटत असेल, तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग आणि मधुमेह तपासून घ्या. मूत्राशयाला सवय लावण्याचे उपाय आणि औषधे उपलब्ध आहेत.
- घाई नाही, खोकला नाही, तरी दिवसरात्र सतत गळत असेल, आणि हे बाळंतपणानंतर किंवा ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सुरू झाले असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लवकर कळले तर लहान छिद्र नुसती नळी ठेवूनही भरून येऊ शकते. मोठ्यासाठी शस्त्रक्रिया लागते. ती आता भूल देऊन होते आणि बहुतेक वेळा यशस्वी होते.
- लघवीतून रक्त जात असेल किंवा ताप आणि कंबरदुखी असेल, तरीही थांबू नका.

गळते म्हणून पाणी पिणे कमी करू नका. लघवी दाट होऊन आग वाढते. तपासणीत दुखत असेल, तर डॉक्टरांना थांबायला सांगा. काय करणार आहात ते आधी विचारा. सही करण्यापूर्वी कागद वाचून किंवा वाचून दाखवून घ्या. नको वाटले तर नाही म्हणा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. हा तुमचा हक्क आहे.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. आई, सासू किंवा बायको बाहेर जायचे टाळत असेल, दर तासाला कपडे बदलत असेल, स्वतःच्या अंथरुणाला कोणाला हात लावू देत नसेल, तर तिला एकांतात, न रागावता विचारा. माझ्याकडे येणाऱ्या त्या बाईंना तीन वर्षांत असे कोणी विचारले नव्हते. मीही त्यांच्या रक्तदाबाचेच आकडे लिहीत होतो. आता पन्नाशीच्या पुढच्या आणि नुकत्याच बाळंत झालेल्या प्रत्येक बाईला मी हा प्रश्न स्वतःहून विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी विचारला नाही, तर तुम्हीच सांगा.